पंचेचाळीस, पण कशापासून?

१६ ऑगस्ट २०२३, बुधवार

काल सुट्टी झाली, म्हणून आज सकाळी सातलाच साइटवर पोचले. यंदाचा ऑगस्ट कोरडा चाललाय. बेंगळुरूत या दिवसांत संध्याकाळची सर ठरलेली असते, पण या महिन्यात आभाळ भरून येतं आणि तसंच निघून जातं. शेतांसाठी वाईटच. आम्हाला मात्र राजकालुव्याच्या, म्हणजे इथल्या मोठ्या नाल्याच्या, पात्रात कोरड्या पायांनी उतरता येतंय.

पूल लहानच आहे. बारा मीटर रुंदीचा रस्ता नाल्याला तिरका छेदून जातो. तिरकेपणा तीस अंशांचा, म्हणजे काटकोनात ओलांडायचं तर जी दिशा असती तिच्यापासून रस्ता तीस अंश कलला आहे. दोन्ही काठांवरच्या ॲबटमेंट, म्हणजे पुलाचं टोक पेलणाऱ्या आणि मागचा भराव अडवणाऱ्या भिंती, नाल्याला समांतर. त्यांच्या चारही टोकांना पंखभिंती, म्हणजे रस्त्याच्या भरावाचा उतार बाजूने अडवणाऱ्या भिंती. आज त्या पंखभिंतींची आखणी होती. पोरांनी फक्कीने रेषा मारून ठेवल्या होत्या.

मेस्त्री भालकीचे. बीदरकडचे, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतात. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना मामा. डाव्या काठाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला, फक्कीच्या रेषेच्या टोकावर ते उभे राहिले आणि त्यांनी हात डोक्याच्या वर नेला.

"ताई, रस्त्याचा भराव हितं माझ्या दुप्पट उंच यील. अन् कागदावर भिंत ह्या टोकाला कमरेएवढी. माती कुठं जायची?"

मी नकाशा उलगडला. पंखभिंतीची लांबी ११.३ मीटर, टोकाची उंची १ मीटर, कोन ४५ अंश. आखणी नकाशाबरहुकूम होती. मामांनी बोट कोनावर ठेवलं.

"पंचेचाळीस लिवलंय. कशापासनं पंचेचाळीस?"

नकाशाच्या कोपऱ्यात 'तपासले' या शब्दापुढे माझी सही आहे. उत्तर त्या कागदावर कुठेच नव्हतं.

खोदाई थांबवली.

१७ ऑगस्ट, गुरुवार

ऑफिसात सकाळभर एकच काम केलं. ही चूक कुठून आली ते शोधलं.

सरळ पुलावर ॲबटमेंटची रेषा आणि रस्त्याची कडा यांत काटकोन असतो. पंखभिंत त्या काटकोनाच्या मधोमध उभी करायची जुनी रीत आहे. नव्वदचे निम्मे पंचेचाळीस. नाल्याकडून मोजा, रस्त्याकडून मोजा, पंचेचाळीसच येतात. म्हणून कशापासून हे कुणी कधी लिहिलंच नाही. लिहायची गरज नव्हती. आमच्या तिरक्या पुलाचा नकाशा एका सरळ पुलाच्या नकाशावरून उचललेला निघाला. ॲबटमेंट फिरवली, रस्ता फिरवला, कोनाचा आकडा तेवढा जागेवर राहिला. काढणाऱ्याने रस्त्यापासून पंचेचाळीस धरून लांबी काढली. आखणाऱ्याने नाल्यापासून पंचेचाळीस धरून दोरी ओढली. चूक दोघांचीही नाही. दोघांच्या मध्ये बसून जिने हे विचारायला हवं होतं ती मी.

तिरक्या पुलाला चार कोपरे असले तरी ते दोन जातींचे असतात. भरावाच्या आतल्या बाजूने पाहिलं तर एका कोपऱ्यात ॲबटमेंट आणि रस्त्याची कडा ६० अंशांत भेटतात, तो लघुकोनाचा कोपरा. दुसऱ्यात १२० अंशांत, तो विशालकोनाचा. समोरासमोरचे, कर्णावरचे कोपरे एकसारखे. आमच्याकडे डाव्या काठावर वरचा कोपरा विशालकोनाचा आणि खालचा लघुकोनाचा. उजव्या काठावर नेमकं उलट.

पंखभिंतीला फिरायला जागा मिळते ती बाहेरच्या बाजूची. ॲबटमेंटची रेषा तशीच पुढे वाढवली तर ते तिचं एक टोक, आणि मागे वळून रस्त्याच्या कडेला चिकटली तर ते दुसरं. लघुकोनाच्या कोपऱ्यात या दोन टोकांत १२० अंशांची ऐसपैस जागा असते. विशालकोनात फक्त ६०. वाचताना उलटं वाटतं. ऑफिसातल्या आमच्या मुलांनाही वाटतं, म्हणून मी फळ्यावर काढूनच दाखवलं.

आता भरावाची गोष्ट. रस्त्याच्या कडेपासून माती दर दोन मीटरला एक मीटर उतरते. भराव पाच मीटर उंच. भिंत टोकाला एक मीटर ठेवायची तर चार मीटर उतरायला हवं, म्हणजे भिंतीचं टोक रस्त्याच्या कडेपासून आठ मीटर दूर जायला हवं. भिंत रस्त्याशी ४५ अंश करत असेल तर ११.३ मीटरमध्ये ती तिथे पोचते. नकाशावरची लांबी हीच. पण नाल्यापासून ४५ धरले की विशालकोनाच्या कोपऱ्यात रस्त्याशी उरतात फक्त १५ अंश. भिंत रस्त्याच्या कडेकडेनेच चालत राहते. ११.३ मीटर गेल्यावरही ती कडेपासून तीन मीटरच दूर असते आणि तिथे मातीची उंची साडेतीन मीटर. भिंत एक मीटर. मामांनी हात वर नेऊन जे दाखवलं ते हेच. त्या कोनात भिंत पुरी पडायची तर ती जवळजवळ ३१ मीटर लांब हवी.

उजव्या काठाच्या वरच्या कोपऱ्यात, तोच आकडा, तीच दोरी, आणि भिंत तीन मीटर जास्त. तिथे रस्त्याशी ७५ अंश होतात, ८.३ मीटर पुरले असते.

एकाच आकड्याने एक भिंत अपुरी राहिली, दुसरी वाया गेली.

२० ऑगस्ट, रविवार

मिरजेला बाबांना फोन केला. ते सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झाले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आमच्या वेळी तिरका पूल कुणी मागितलाच नाही. आम्ही रस्ताच वळवायचो."

खरं आहे. सांगली-सातारा भागातल्या जुन्या रस्त्यांवरून एसटीने जाताना ओढा आला की गाडी आधी एकीकडे वळायची, पूल ओलांडायची आणि लगेच उलटी वळायची. लहानपणी मला ते वळण म्हणजे ओढ्याचंच वळण वाटायचं. ते पुलासाठी काढलेलं होतं. दगडी कमान काटकोनात बांधणं सोपं, स्वस्त. गवंड्याचा गुण्या काटकोनाचा असतो आणि तीन-चार-पाचची दोरीही काटकोनच देते. वाहनं हळू होती तोवर ते चाललं. वेग वाढला, तशी त्या जोडवळणांवर माणसं मरू लागली. मग रस्ता सरळ ठेवायचा आणि पुलाने तिरकं व्हायचं असं ठरत गेलं. मला ते योग्यच वाटतं. पण रस्त्याचा वाकडेपणा त्यामुळे नाहीसा होत नाही, तो पुलाच्या चार कोपऱ्यांत येऊन बसतो.

बाबांनी शेवटी विचारलं, "तिरकेपणा तीसच ना? का साठ? नक्की बघ." काही जण रस्ता आणि ॲबटमेंट यांच्यातला कोन म्हणजे तिरकेपणा मानतात. त्या हिशेबाने आमचा पूल साठ अंशांचा होतो. पूल तोच, बोलायची रीत वेगळी. बाबांचं वय ७७, पण प्रश्न बरोबर जागी विचारतात.

२३ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान उतरलं. साइटवर एका फोनभोवती आम्ही पंधरा-सोळा जण. ते यान सांभाळणारं केंद्र याच शहरात, पीण्याला. मामांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच विचारलं, "ताई, आपली आखणी कधी?"

२७ ऑगस्ट, रविवार

सकाळी चालत काडु मल्लेश्वराला जाऊन आले. मल्लेश्वरमला राहायला आले तेव्हा या देवळाचं नाव आजीला सांगितलं होतं. ती म्हणाली होती, म्हणजे आपल्या व्यंकोजीरावांचं की! १६३८ मध्ये बेंगळुरू विजापूरकरांच्या हाती आलं आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळालं. त्यांचा मुलगा व्यंकोजी याने १६६९ मध्ये या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख इथे आहे. समोर नंदीतीर्थ. दगडी नंदीच्या तोंडातून पाण्याची धार अखंड पिंडीवर पडते आणि तिथून खालच्या कुंडात उतरते.

पायऱ्यांवर बसून मी ती धार बघत राहिले. या शहराला मोठी नदी नाही. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीच्या पठाराच्या पाठीवर हे वसलेलं. पाणी इथून चहूकडे उतरतं. हेब्बाळ, कोरमंगला, चल्लघट्टा, वृषभावती ही त्या उतारांची खोरी. जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली आणि वरच्या तळ्याचं जास्तीचं पाणी खालच्या तळ्यात नेणारे कालवे काढले. तेच राजकालुवे. कानडीत मोठ्या कालव्याला दिलेलं केवढं राजस नाव! आज त्यातून गटाराचं पाणी वाहतं आणि लोक त्याला नुसतं 'मोरी' म्हणतात.

मोरी हा शब्द आपलाही. आपल्याकडे घरात मोरी असते आणि रस्त्याखालून पाणी जायला बांधतात तीही मोरीच. बाबांच्या टाचणवह्यांत लहान पुलाला हाच शब्द आहे. कानडीतली मोरी म्हणजे सांडपाण्याची वाट. दोन्ही भाषांत शब्द पाण्याच्या वाटेचाच, आणि माझ्या नकाशावर त्या वाटेची रेषा पातळ, तुटक होती. रस्त्याची मात्र ठळक.

२ सप्टेंबर, शनिवार

पूर्ण दिवस चार कोपऱ्यांत गेला.

पहिला विचार मातीचा. उभ्या भिंतीमागची माती खाली घसरू बघते, पाचरीसारखी. कूलोंबने १७७६ मध्ये ती पाचर हिशेबात आणली, रँकिनने १८५७ मध्ये सूत्र सोपं केलं. तीस अंशांचा घर्षणकोन असलेल्या मुरमाड मातीत आडवा दाब उभ्या दाबाच्या एक तृतीयांश. पाच मीटर उंच भिंतीवर दर मीटर लांबीला सुमारे साडेसात टन रेटा येतो. वरून जाणाऱ्या गाड्यांसाठी १.२ मीटर मातीचा जादा थर धरण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे, त्याने आणखी साडेतीन टन वाढतात. हे सपाट भरावाचं झालं.

पंखभिंतीमागचा भराव सपाट नसतो, रस्त्याकडे चढत जातो. भिंत रस्त्याशी जितका लहान कोन करेल तितका तो चढ तिच्या पाठीवर सरळ येतो. रस्त्याशी ७५ अंश असतील तर चढ जेमतेम सात अंशांचा आणि रेटा सपाटीपेक्षा फारसा वाढत नाही. रस्त्याशी १५ अंश असतील तर चढ जवळजवळ २६ अंश. रँकिनच्या सूत्रात घातलं तर एक तृतीयांशाचे अर्ध्याहून थोडे जास्त होतात. म्हणजे ती चुकीची रेषा नुसती लांब नव्हती, तिच्यामागची मातीही दीडपट जोराने रेटणार होती. मामांनी कमरेएवढी भिंत बघून जे ओळखलं त्याच्यापुढे माझं सूत्र आज पोचलं.

दुसरा विचार पाण्याचा, आणि मला तो पहिला करायला हवा होता. पुलाच्या वरच्या अंगाच्या पंखभिंती म्हणजे पाण्याला आत घेणारे दोन हात. अमेरिकेच्या महामार्ग खात्याने मोऱ्यांसाठी काढलेले गुणक आपल्याकडेही वापरतात. पंखभिंती प्रवाहाशी ३० ते ७५ अंश उघडल्या असतील तर तोंडाशी होणारं ऊर्जेचं नुकसान वेगशीर्षाच्या, म्हणजे पाण्याच्या उंचीत मोजलेल्या वेगाच्या ऊर्जेच्या, ०.४ पट. १० ते २५ अंशच उघडल्या तर ०.५. आणि भिंती नुसत्याच प्रवाहाला समांतर पुढे काढल्या तर ०.७. सेकंदाला तीन मीटर वेगाच्या पाण्याचं वेगशीर्ष सुमारे ४६ सेंटिमीटर. तोंड चांगलं असेल तर त्यातले १८ सेंटिमीटर जातात, वाईट असेल तर ३२. मधलं चौदा सेंटिमीटर पाणी पुलाच्या वरच्या बाजूला तुंबून चढतं. आकडे मोरीसाठीचे आहेत, आपल्या पुलाला तंतोतंत लागू नाहीत, पण कुठे वळायचं ते सांगायला पुरेत.

चौदा सेंटिमीटर म्हणजे घराच्या उंबऱ्याची उंची. वरच्या अंगाला नाल्याकाठी जी बैठी घरं आहेत त्यांच्या उंबऱ्यांवरून मी रोज साइटवर जाते.

तर विशालकोनाच्या कोपऱ्यात एकूण साठच अंश आहेत. त्यातले पाण्याला जास्त दिले की भिंत रस्त्याला चिकटून लांबते, आणि रस्त्याला जास्त दिले की पाण्याचं तोंड आवळतं. निम्मे-निम्मे करावेत तर ३० आणि ३०, भिंत १६ मीटर. पाण्याला २० आणि रस्त्याला ४० दिले तर १२.४ मीटर. रात्री साडेनऊला कागद तसाच ठेवून घरी आले.

५ सप्टेंबर, मंगळवार

गेल्या वर्षी याच दिवशी मी घरातून बाहेर पडू शकले नव्हते. ४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री शहरात १३० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. बाह्य वर्तुळ मार्ग पाण्याखाली गेला, बेलंदूर आणि यमलूरच्या वस्त्यांतून माणसं ट्रॅक्टरवर आणि होड्यांवर बाहेर काढावी लागली. तेव्हा सगळे म्हणत होते, तळी बुजवली, राजकालुव्यांवर बांधकामं झाली. ते बरोबरच आहे. पण मला त्या दिवसांत एक गोष्ट फिरून फिरून दिसली. पाणी तुंबलं होतं ते बहुतेक ठिकाणी रस्ता नाल्याला ओलांडतो तिथेच. नाला मोकळा असूनही तोंडाशी पाणी आडवं पसरलेलं. त्या तोंडांची दिशा कुणीतरी माझ्यासारख्यानेच कागदावर ठरवली होती.

सावित्रीचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ कोसळला, दोन एसट्या नदीत गेल्या. तेव्हा मी इथे नवी होते. आईने फोनवर विचारलं होतं, "तुम्ही बांधता ते पूल असे नाहीत ना?" सावित्रीचं दुखणं वेगळं होतं, जुनी दगडी कमान आणि पुराचं पाणी. तरी तो प्रश्न मला अजून प्रत्येक पुलाच्या कागदावर दिसतो.

ॲबटमेंट पाण्याच्या रोखाला समांतर असणं, पंखभिंतीमुळे भोवरा न उठणं, पायाजवळची माती खरवडून न जाणं, हे सगळं एकच आहे. पाणी कोपऱ्यावर आपटतं तिथे खड्डा पाडतं. विशालकोनाच्या कोपऱ्यात पंखभिंत फार वळवली की ॲबटमेंटच्या टोकाशी तीक्ष्ण नाक तयार होतं, आणि पुराचं पाणी त्या नाकाशीच खणतं. २० की ३०, या प्रश्नात हेही धरायला हवं.

९ सप्टेंबर, शनिवार

तिरक्या कमानींचा इतिहास वाचला. विल्यम चॅपमनने १७८७ मध्ये आयर्लंडमध्ये किल्डेअरच्या कालव्यावर, नासजवळ, तिरकी कमान बांधली. तिचे दगड टेकूंना समांतर न ठेवता कमानीच्या तोंडाशी काटकोनात रचले, म्हणजे थर आपोआप मळसूत्रासारखे फिरत गेले. पीटर निकल्सनने १८२८ मध्ये एकेक दगड कसा घडवायचा ते गवंड्यांसाठी पुस्तकात लिहून ठेवलं. आगगाडी आली आणि गरज शंभरपट वाढली, कारण आगगाडीला ओढ्यापाशी वळायला सांगता येत नाही. प्रत्येक दगड नेमक्या कोनांत तासणारे ते गवंडी, आणि इकडे मी चार भिंतींचे चार कोन लिहायला चुकले.

आपल्याकडे रस्त्यांसाठी एकच शास्त्र असावं, हा विचार मांडणारी समिती १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली नेमली गेली. तिच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. वकिली आणि राजकारण करणाऱ्या या मराठी माणसाचं आम्हा पूल बांधणाऱ्यांवर केवढं ऋण आहे, हे माझ्या ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. आज सांगितलं.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

विश्वेश्वरय्यांची जयंती, अभियंता दिन. ऑफिसात हार, पेढे. मुद्देनहळ्ळीचा हा मुलगा बेंगळुरूहून पुण्याला शिकायला गेला, कॉलेज ऑफ सायन्समधून १८८३ मध्ये परीक्षा पास झाला आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे १९०३ मधले. बेंगळुरूत मी त्यांचं नाव काढलं की माणसं कृष्णराजसागर सांगतात. मी खडकवासला सांगते. पाणी वाढलं की दरवाजा स्वतःच बाजूला होतो, ही कल्पना मला फार थोर वाटते.

दुपारी बैठक झाली. मी चारही कोपरे वेगवेगळे मांडले.

दोन लघुकोनाचे कोपरे: १२० अंशांपैकी नाल्यापासून ६०, रस्त्यापासून ६०. लांबी सव्वानऊ मीटर. इथे भांडण नव्हतं, जागा मुबलक.

डाव्या काठाचा वरचा, विशालकोनाचा: नाल्यापासून २०, रस्त्यापासून ४०, लांबी १२.४ मीटर. तीस-तीस केले असते तर तोंड थोडं मोकळं झालं असतं, पण भिंत १६ मीटर होऊन शेजारच्या बैठ्या घरांच्या वाटेत गेली असती. त्या घरांचंच पाणी कमी करायला त्यांचीच वाट घ्यायची हे मला पटलं नाही. त्याऐवजी ॲबटमेंट आणि पंखभिंत यांच्या सांध्यावर तीक्ष्ण नाक न ठेवता तो गोल घडवायचा आणि समोर पात्रात दगडी अस्तर द्यायचं.

उजव्या काठाचा खालचा, विशालकोनाचा: तिथे रस्त्याच्या कडेपासून चारच मीटरवर इमारतीचं आवार. उतार सोडायला जागाच नाही. म्हणून पंखभिंत रद्द, रस्त्याला समांतर परतभिंत, ती पुढे रस्त्याच्या रोधभिंतीला मिळेल. पाणी तिथून बाहेर पडतं, आत शिरत नाही, म्हणून तोंड उघडं असण्याची निकड कमी.

एका ज्येष्ठांनी विचारलं, "चारही सारख्या केल्या तर दिसायला बरं नाही का?" मी म्हटलं, "सर, पाणी एकाच बाजूने येतं आणि रस्ता तिरका आहे. चारही कोपरे सारखे नाहीत, तर चारही भिंती सारख्या कशा असतील?" ते क्षणभर नकाशा बघत राहिले आणि मान डोलावली.

१८ सप्टेंबर, सोमवार

इथे आज गणपती, मिरजेला उद्या. आईने विचारलं, कधी बसवलास. मी म्हटलं, इथल्या पंचांगाप्रमाणे. तिला ते आवडलं नाही.

२६ सप्टेंबर, मंगळवार

कावेरीच्या पाण्यासाठी शहर बंद. रस्ते रिकामे. घरी बसून नकाशा पुन्हा काढला.

नाल्याची रेषा ठळक केली आणि त्यावर प्रवाहाच्या दिशेचा बाण. प्रत्येक पंखभिंतीशी दोन कोन, एक नाल्यापासून, एक रस्त्यापासून. तीस अंशांच्या तिरकेपणात लघुकोनाच्या कोपऱ्यात त्यांची बेरीज १२० आणि विशालकोनाच्या कोपऱ्यात ६० यायलाच हवी. नाही आली तर कुणीतरी चुकलं आहे, आणि ते साइटवर शाळकरी पोरालाही कळेल. प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांचे निर्देशांकही लिहिले, म्हणजे टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रावर थेट बिंदू मिळतील, कोन मोजायचं काम राहणार नाही. पण कोन काढून टाकले नाहीत. यंत्राने दिलेला बिंदू बरोबर आहे का हे दोरीवाल्याला स्वतः पडताळता यायला हवं.

खाली टीप लिहिली: पाझरभोकं एक मीटर अंतराने, भिंतीमागे ६० सेंटिमीटर जाड गाळणीचा थर. हे प्रत्येक नकाशावर असतंच. ॲबटमेंट आणि पंखभिंत वेगवेगळ्या बसतात, मधला सांधा मोकळा ठेवायचा, हेही. पाण्याने भरलेली माती भिंतीला कोरडीपेक्षा कितीतरी जास्त रेटते आणि बेंगळुरूचा मोठा पाऊस अजून यायचा आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

नव्याने आखणी. मामांनी गुण्या गाडीतच ठेवला होता. कानडी पोरं त्याला मूलेमट्ट म्हणतात. त्यांनी विचारलं, आज नको का? मामा म्हणाले, "हितं काटकोन हाय कुठं?"

टोटल स्टेशनने बिंदू दिले, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. मग मामांनी मला थांबायला सांगितलं आणि प्रत्येक टोकाशी जाऊन उभे राहिले. भराव कुठवर येईल तिथे हात धरायचे, भिंत कुठवर येईल तिथे दुसरा हात. तीन भिंतींच्या टोकाला दोन्ही हात एका उंचीवर आले. चौथी परतभिंत, ती रोधभिंतीच्या खुंटीपर्यंत सरळ गेली.

त्यानंतर कोन मोजले आणि वहीत लिहिले. उजवा काठ, वरचा: ६० आणि ६०, बेरीज १२०. डावा काठ, खालचा: ६० आणि ६०, बेरीज १२०. डावा काठ, वरचा: नाल्यापासून २०, रस्त्यापासून ४०, बेरीज ६०.

फक्की मारली. खोदाई उद्या सकाळी सातला.